सरळ पंखांच्या माशा

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. सोमवारी दुपारी त्या परगावच्या प्रयोगशाळेतून तुझा फोन आला, तेव्हा मी इथे आपल्या प्रयोगशाळेतील माशांच्या अन्नाचे पातेले ढवळत होतो. मक्याचे पीठ तळाला लागू नये म्हणून हात थांबवायचा नसतो, आणि एकतीस वर्षांत माझा हात थांबलेला नव्हता. परवा थांबला. करपल्याचा वास साऱ्या मजल्यावर पसरला. तुझे सर दारात येऊन म्हणाले, काय काका, आज खानावळ बंद का? सगळे हसले. मीही हसलो असेन. मला आठवत नाही.

फोनवर तुला धड बोलताही येत नव्हते. बाबा, अळ्या चालल्या, सी नसूनही चालल्या, असे तू तीनदा म्हणालीस. मागून कोणीतरी ओरडत होते, अगं बये, आधी श्वास तर घे! शुक्रवारच्या सभेत सगळ्यांसमोर हे मांडायचे ठरले आहे, मोठमोठी माणसे खुर्चीवरून उठून उभी राहतील, असेही तू म्हणालीस. मी शाबास म्हणालो. तो शब्द माझ्या तोंडून कसा निघाला, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

या कामाच्या पहिल्या वर्षी तू जेवणाच्या टेबलावर चार डबे मांडून आम्हा दोघांना सारे समजावले होतेस. मज्जातंतू स्नायूला निरोप धाडतो, तो निरोप म्हणजे ग्लुटामेट. स्नायूवर तो निरोप घेणारे दार असते, ते चार तुकड्यांचे. सी, डी आणि ई हे तीन तुकडे लागतातच. चौथ्या जागी ए चालतो किंवा बी. तुझी आई म्हणाली, म्हणजे ए आणि बी या जावा, एक नसली तर दुसरी निभावून नेते. तू टाळी दिलीस. मग म्हणालीस, पण आई, सी नसेल तर दारच उभे राहत नाही. अळी अंड्यात पूर्ण घडते, पण तिला हलता येत नाही, म्हणून बाहेर पडता येत नाही. ते ऐकल्यावर आईने डबे आवरायला घेतले होते.

तुझ्या माशा ज्या काचेच्या नळीत वाढतात, तिच्यातील प्रत्येक माशीत सी-ची एक प्रत चांगली व एक मोडकी असते, आणि चांगल्या प्रतीला वाकड्या पंखांची खूण जोडलेली असते, हेही तू तेव्हा सांगितलेस. दोन्ही प्रती मोडक्या असतील ती अंड्यातच मरते. म्हणून त्या नळीत सरळ पंखांची माशी असूच शकत नाही. मी मान हलवली. मान हलवणे आणि समजणे यांत अंतर असते. ते अंतर मी आजवर कोणालाही दिसू दिले नाही, तुला तर मुळीच नाही. चौथी शिकलेला बाप जिथे माशा सांभाळतो, त्याच प्रयोगशाळेत त्याची मुलगी संशोधन करते, हे सांगताना माझी मान जरा जास्तच ताठ होत असे.

सोमवारी मी तुला केवळ बोलायचे म्हणून विचारले, की या अळ्यांत सी नाही हे तू कसे ओळखलेस? तू म्हणालीस, सोप्पं आहे बाबा, वाकड्या पंखांच्या खुणेबरोबर हिरवी चमकही जोडलेली आहे, तुमच्याकडून आणलेल्या नळीतून मी न चमकणाऱ्या अळ्या निवडल्या. त्या मोठ्या झाल्या तर सरळ पंखांच्या होतील. अशी माशी जगात कोणी पाहिलेली नाही!

ठकू, मी पाहिलेली आहे. गेले चार महिने तुझ्या माशा ताज्या अन्नाच्या नळीत हलवताना दर खेपेस मी तशा माशा ब्रशने उचलून स्पिरिटच्या बाटलीत टाकत आलो आहे.

आता जे घडले ते क्रमाने लिहितो. तू दोन महिने बाहेर शिकायला गेली होतीस, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी दिलेला चष्मा मी प्रयोगशाळेत लावत नसे, कारण तिथली मुले म्हणत, काकांचे डोळे म्हणजे दुर्बीण. एका सायंकाळी नळीवरची चिठ्ठी नीट न दिसल्याने मी शेजारच्या नळीतील निरोगी, सरळ पंखांच्या माशा तुझ्या नळीत ओतल्या. दुसऱ्या सकाळी ते ध्यानात आले. नियम असा, की ती नळी नष्ट करून सरांना सांगायचे. मी तसे केले नाही. माशांना गुंगी देऊन मी सरळ पंखांच्या वेचून काढल्या आणि झाले म्हणालो. रात्रभरात त्यांची तुझ्या माशांशी जोडी जमली असेल, हा विचार मनात आला नाही असे मी म्हणणार नाही. मी तो येऊ दिला नाही. पुढे सरळ पंख पुन्हा दिसू लागले, तेव्हा नळी स्वच्छ दिसावी म्हणून मी त्या काढत राहिलो. मी घाण काढत आहे असे मला वाटत होते. प्रत्यक्षात तुला जे दिसायला हवे होते तेच मी काढत होतो. तू नळी सुरुवातीला तपासून घेतली होतीस. पुन्हा तपासली नाहीस, कारण ती माझ्याकडे होती.

तुझ्या त्या अळ्यांत सी आहे, बाळ, शेजारच्या निरोगी माशांकडून आलेला, ज्याला ना वाकड्या पंखांची खूण जोडलेली आहे ना हिरवी चमक. म्हणून त्या चालल्या.

सोमवारपासून तुला तीनदा फोन लावला आणि तीनदा तिकडे थंडी किती आहे एवढेच विचारून ठेवला. तुझी आई म्हणाली, अहो, एवढी काळजी असेल तर स्वेटर पाठवा.

सर उद्या सकाळी तिकडे निघत आहेत. हे पत्र मी त्यांच्या हाती देणार आहे, आणि पाकीट मुद्दाम चिकटवलेले नाही. आधी तुम्ही वाचा आणि मग तिला द्या, असे मी त्यांना सांगेन, म्हणजे तू काही लपवलेस असा संशय कोणाच्या मनात क्षणभरही येणार नाही. तुझ्याच माशांची थंड खोलीत राखून ठेवलेली दुसरी नळी दुसऱ्या बाई सांभाळतात. तिला माझा हात लागलेला नाही, तेथून पुन्हा सुरुवात करता येईल. तू रागाव, बोलू नकोस, जे वाटेल ते कर. फक्त एक विनंती आहे. लोक तुझी समजूत घालतील, की बाबांचे वय झाले, व्हायचेच असे. तेव्हा तू मान हलवू नकोस. माझे वय झाले म्हणून हे घडले नाही. मला ठाऊक होते आणि मी गप्प बसलो, असे त्यांना स्पष्ट सांग.

तुझाच,
बाबा