आईला सिनेमाला नेऊ नकोस

सोमवार, ता. ९

ताई,

आधी नमस्कार घे, मग काय रागवायचं ते रागाव. गुडघा कसा आहे? भाऊजींचं पथ्य चालू आहे, की तुझा डोळा लागला की डबे उघडतात? माझं बरं चाललंय. खोली तीच, जिन्यातला दिवा अजून बंद, आणि वरच्या मजल्यावरची बाई अजून खुर्च्या ओढते. का ओढते, ते तिलाच ठाऊक.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि शेजारी आई कान टवकारून बसलेली असते. हे तिच्या कानावर जायला नको.

विनंती एवढीच की शुक्रवारी आईला सिनेमाला नेऊ नकोस. तू अख्ख्या घराची तिकिटं काढलीस, समोरच्या काकूंनाही आवतण दिलंस, सगळं कळलं. तुम्ही खुशाल जा. पण थिएटरात गारठा असतो, आईला सर्दी बाधते, पायऱ्यांना कठडा नाही. डोळे गेल्यापासून तिला गर्दी सोसत नाही, हे तूच म्हणाली होतीस.

वाचलंस? मलाही पटलं नाही. तुला काय पटणार, कपाळ.

ताई, या सिनेमात मी आहे, पण माझा आवाज माझा नाही.

तुला माहीत आहे, आजवर मी काय काय झालो. डॉक्टर झालो, तर ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा, मान हलवायची. इन्स्पेक्टर झालो, तर मारामारी संपल्यावर पोचायचं. पहिल्यांदा धड भूमिका मिळाली, हीरोच्या थोरल्या भावाची. शेवटाकडे दोघा भावांचा मोठा प्रसंग आहे. मी जीव ओतला. सेटवरचा दिवेवालासुद्धा डोळे पुसत होता, आणि तो साधा माणूस नाही, त्याने हजार रडारडी बघितल्यात.

शूटिंग संपलं आणि साहेबांच्या, म्हणजे हीरोच्या, घशाचं ऑपरेशन झालं. आवाज बसला तो बसलाच. डबिंग व्हायचं होतं. शूटिंगच्या गोंगाटातला आवाज चालत नाही, सगळे संवाद स्टुडिओत पडद्याकडे बघून पुन्हा बोलावे लागतात. आता हे बोलणार कोण? जेवणाच्या सुट्टीत साहेबांची नक्कल करून युनिटला हसवणारा एक शहाणा होता ना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दिग्दर्शकाने मला केबिनमध्ये बसवलं, स्वतः उठून दार लावलं. तिथेच मला कळायला हवं होतं. "यार, तूच वाचवशील," म्हणाला. पिक्चर अडकला, तर माझी भूमिकाही डब्यात जाणार होती. मी हो म्हटलं. हे कुठे बोललो तर या धंद्यात पुन्हा पाय ठेवायला मिळणार नाही, हेही त्याने प्रेमाने सांगितलं.

पण एक गोष्ट मी धरून चाललो होतो. साहेबांचं साहेबांच्या आवाजात बोलीन, माझं माझ्या. दोन्ही करून दाखवलं. साउंडवाल्याने त्या मोठ्या प्रसंगात दोन्ही एकत्र वाजवलं आणि दिग्दर्शकाला बोलावून आणलं. नेहमीच्या बोलण्यात दोन माणसं वाटत होती. भांडण पेटलं की दोघांच्या तोंडून मीच. राग नि रडू कुणाच्या नकलेत येत नाही, ताई, ते आपलंच येतं. दिग्दर्शक म्हणाला, "पब्लिक हसेल. एक आवाज बदलायला हवा." कुणाचा, ते विचारायची गरजच नव्हती.

माझ्या तोंडी आता कुणीतरी जाहिरातीतला गुळगुळीत गृहस्थ बोलतो. आणि शेवटच्या प्रसंगात हीरो भावाचे पाय धरतो, ते मी बोललोय. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर माझाच चेहरा, आणि मी त्याला विनवतोय, "भैया, मुझे माफ कर दो." सात वेळा घेतलं. सातही वेळा खरं रडलो. बाहेर आलो तर दिग्दर्शक म्हणतो, "साहेबांचं हे आजवरचं सर्वोत्तम काम." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचार.

आता आईचं. ती पडदा बघत नाही, ऐकते. मी पडद्यावर आलो म्हणून तू तिचा हात दाबशील आणि तिच्या कानावर परक्याचा आवाज येईल. मग हीरो बोलेल आणि ती ओळखेल. मी घरात कुणाचीही नक्कल केली, तरी ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "पुरे रे." हलक्या आवाजात बोलणं तिला जमत नाही. भर थिएटरात म्हणेल, हा माझा मुलगा. काकू ऐकतील, काकूंचा तो वर्तमानपत्रातला जावई ऐकेल, आणि माझा बाजार उठेल.

म्हणून म्हटलं, नेऊ नकोस. तिला सांग, तिकिटं संपली. सांग, तिकिटं संपली.

इथे पत्र ठेवून चहा करून आलो. ताई, मला हे जमत नाही. वीस वर्षं ती विचारतेय, तुला मोठं काम कधी देणार? दिलंय. आता दिलंय, आणि मी तिला घरात कोंडून ठेवायला सांगतोय. कुणासाठी?

वर लिहिलेलं खोडत नाही, पण ऐकू नकोस. तिला ने. शाल घे, मधल्या रांगेत बसव. ती बोलेल तेव्हा भाऊजी शू करायला लागतील, त्यांना आवर. काकूंनी वळून बघितलं तर बघू दे. आणि आईने विचारलं, "हा आपलाच ना गं?" तर हो म्हण. मोठ्याने म्हण.

पुढचं काम मिळो न मिळो,
तुमचाच,
धाकटा