पप्पांच्या नावाची फर्म

११ ऑगस्ट, सोमवार

पप्पांच्या नावानं नोटीस आली! जीएसटीची. संघपाल ट्रेडर्स, भंगार खरेदी-विक्री, जालना एमआयडीसी. थकलेला कर — एकोणीस लाख!

पप्पांना जाऊन अडीच वर्षं झाली. बदनापूर स्टेशनवर पॉइंट्समन होते. आयुष्यात एकच धंदा केला — जुनी सायकल विकली. तीही तोट्यात.

आई मात्र खुश. पोस्टमनला म्हणाली म्हणे, "त्यांच्या नावानं आलंय व्हय? द्या, मी करते सही." पाकीट न फोडता त्यांच्या फोटोपुढे ठेवलं. मी लॅबमधून आल्यावर उघडलं.

१२ ऑगस्ट

आई आज दिवसभरात एकदाच बोलली — "चोर म्हणतील का गं त्यांना?"

"म्हणून तर बघू दे कुणी!" असं मी जोरात म्हटलं खरं. पण भीती मलाही वाटते. वसुली घरावर आली तर? आणि खरंच कुणी म्हटलं तर?

१६ ऑगस्ट, शनिवार

जालन्याला धर्मराज काकांकडे गेले. पप्पांचे जुने दोस्त, लोकांचे कर भरून देतात. जयभीम झाला, चहा झाला, मग चष्मा लावून नोटीस वाचली.

"फर्म उघडलीय मागच्या डिसेंबरात. संघपाल तर त्याच्या किती आधी गेल्ता! त्याचं पॅन बंद केलं न्हाई का गं तुम्ही?"

नाही केलं. मृत्यूचा दाखला काढला तो पेन्शनपुरता. माणूस गेला की त्याचं पॅन, आधार बंद करायलाही कळवावं लागतं, हे मला — एमएस्सी झालेल्या अक्षताबाईंना — माहीतच नव्हतं!

काका म्हणाले, "झेरॉक्स कुठूनबी मिळते. पण आधारचा ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. तो फोन कुणाकडं हाय?"

आईकडे. रोज चार्ज करते, दर महिन्याला रिचार्ज मारते. मी चिडवायचे तिला, पप्पांचा खर्चा काही कमी होत नाही म्हणून.

१७ ऑगस्ट

भांडलो. खूप भांडलो. ओटीपी कुणाला सांगितलास? — तर म्हणे "मला काय कळतं त्यातलं." मग पीठ मळता मळता आपणहून बोलायला लागली.

एक माणूस फोन करायचा. "संघपाल साहेब आहेत का? टॅक्सचा परतावा आलाय." आई सांगायची, आंघोळीला गेलेत. कधी म्हणायची, झोपलेत. तो म्हणायचा, झोपू द्या मावशी, साहेबांना उठवू नका. मोबाईलवर नंबर आलाय तेवढा तुम्हीच सांगा.

"अगं आई, ते वारले एवढं सांगता येत नव्हतं?"

"लई अदबीनं इचारायचा गं. साहेब जेवले का म्हणायचा. दुसरं कोण इचारून राह्यलं आता त्यांचं? मंग काय म्हणू त्याला? मेले म्हणू?"

माझा सगळा राग तिथंच जिरला. तिचे पिठाचे हात धरून बसून राहिले. काय करावं या बाईचं! त्या भामट्याला चौकात उभं करून चोपावंसं वाटतं — एकोणीस लाखांसाठी नाही, "जेवले का" विचारल्याबद्दल.

२३ ऑगस्ट

सायबर पोलिसांत तक्रार दिली. कर कार्यालयात अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला. पॅन बंद करायच्या कागदावर सही करताना आईचा हात थांबला.

"यानं त्यांचं नाव जाईल का?"

"वहिनी, चोराच्या हातातून जाईल," काका म्हणाले. "आपल्याकडंच राहील."

केली सही. सावकाश, पूर्ण नाव लिहून — बेबीनंदा संघपाल.

आता घरात कडक कायदा! कोणतीही झेरॉक्स दिली की तिच्यावर आडवं लिहायचं — कशासाठी, कधी. आईनं जोशात लाईटबिलावरही लिहून ठेवलंय. आणि ओटीपी? "कुणालाच न्हाई सांगणार. तुला बी न्हाई!" बिलकुल बराबर.

काका म्हणत होते सिमसुद्धा बंद करा. तिथं मात्र आई अडून बसली. शेवटी तडजोड — सिम चालू, पण फोन माझ्या पर्समध्ये.

५ सप्टेंबर

अजून काही नाही. आई रोज विचारते. रोज तेच उत्तर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुटलो! फर्मची नोंदणी रद्द. मयत व्यक्तीचा या व्यवहाराशी संबंध नाही, असं लेखी आलं. भामटा काही सापडलेला नाही. पण पप्पा आमचे साफ आहेत, सरकारी शिक्क्यानिशी! आईनं मला तीनदा वाचायला लावलं. मग पदर डोळ्याला लावला आणि लगेच जिलबी आणायला पिटाळलं.

२५ सप्टेंबर

दुपारी लॅबमध्ये पर्समधला फोन वाजला. पप्पांचा. कुणी विम्याची बाई होती. "संघपाल सर आहेत का?"

आईला एवढं सुनावणारी मी. तोंड उघडलं, आणि म्हणाले —

"पप्पा ड्युटीवर गेलेत. सकाळी येतील."