आईचं शेवटचं आमेन

प्रिय दादा,

दफनाच्या वेळी तू सर्वांना सांगितलंस की, आईजवळ शेवटची प्रार्थना धाकट्याने केली. खरं तर तिच्या उशाशी मला प्रार्थना जमलीच नव्हती. तिला सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "सरका, मी करते. आजी, माझा देव वेगळा आहे हं, चालेल ना?" त्यांनी आपल्या पद्धतीने प्रार्थना केली. ती संपल्यावर आई स्पष्ट "आमेन" म्हणाली आणि गेली.

ख्रिस्ताखेरीज मार्ग नाही, असं तू पाळक म्हणून शिकवतोस. मीही तेच मानतो. पण मावशींच्या हाकेला तो आला नसेल, असं मला म्हणवत नाही. आईची त्याच्याशी साठ वर्षांची ओळख होती. ती दुसऱ्या कुणाला आमेन म्हणाली नसती.

हे पत्र टपालात न टाकता तिच्या बायबलमध्येच ठेवतो.

तुझा धाकटा