तीस रेषांतले बाबा

नायमेखन, ११ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
ज्ञानदाचा शि. सा. न. वि. वि.

व्हिडिओ कॉलवर यायचं नाही असं तुम्ही ठरवलंच आहे, तर पत्र लिहिते. दिवाळीपासून तुमचा चेहरा पाहिलेला नाही. आधी कवळी नवी होती, मग चष्मा दुरुस्तीला गेला, परवा म्हणे तुम्ही आंघोळीला गेलात. दुपारी तीन वाजता! आई खोटं बोलताना भांडी आपटते, ते इथवर ऐकू येतं. बाबा, आजारी असाल तर तसं सांगा. चिपचे नकाशे तपासता तपासता मध्येच तुमचं काही बरंवाईट मनात येतं आणि माझा हात थांबतो.

आता दुसरं काम. १३ मार्चला अवनीची शाळेत स्प्रेकबर्ट आहे, म्हणजे वर्गापुढे उभं राहून आपण निवडलेल्या विषयावर बोलायचं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना त्याचं केवढं दडपण असतं! तिने विषय घेतलाय अगदी पहिल्या टीव्हीचा, भोकं पाडलेली तबकडी फिरवून चित्र दाखवणारा तो. आपले आजोबा दूरदर्शनच्या टॉवरवर इंजिनिअर होते, हे तिने बाईंना आधीच सांगून ठेवलंय. तिचा प्रश्न डचमध्ये होता, मी मराठीत पोचवते: असा टीव्ही घरी बनेल का, आणि त्यात आजोबा दिसतील का?

उत्तर द्या. दोन्ही परिच्छेदांना. लोभ आहेच, तो अधूनमधून दिसूही द्यावा.

तुमची
ज्ञानदा

सातारा, ३० जानेवारी

चि. ज्ञानदास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा दुसरा परिच्छेद महत्त्वाचा, म्हणून त्याचं उत्तर आधी.

टीव्ही बनेल. सोबत तबकडीचा नकाशा पाठवतो. काठाजवळ तीस भोकं पाडायची, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा केसभर आत. मागे एक दिवा ठेवायचा, तो चित्राप्रमाणे कमीजास्त होतो. फिरताना एकेक भोक उजेडाची एकेक रेष काढतं, आणि एका फेरीत तीस रेषांचं चित्र पुरं होतं. ते टपालाच्या तिकिटाएवढंच दिसेल, हे अवनीला आधीच सांगून ठेव, नाहीतर हिरमुसेल. आमच्या जावईबापूंना, अंबरीशरावांना म्हणावं, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा मोटर म्हणून चालेल.

गंमत अशी की हे चित्र इतकं किरकोळ असतं की आवाज म्हणून साठवता येतं. मी देवघराशेजारची खोली काळी करून इथे दुसरी तबकडी बसवतोय. तिच्यातून उजेडाचा ठिपका माझ्या चेहऱ्यावर फिरेल आणि परत येणारा उजेड लॅपटॉपवर आवाज म्हणून नोंदला जाईल. परवा करून पाहिलं, तो आवाज पिठाच्या गिरणीसारखा आहे. तुझी आई म्हणते की लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण माझा चेहरा ऐकायची वेळ पहिल्यांदाच आली. फाइल ती ईमेल करेल.

एकच लक्षात ठेवा. नकाशा तबकडीवर चिकटवाल ती बाजू बघणाऱ्याकडे, दिव्याकडे नाही.

तीस रेषांत सुरकुत्या येत नाहीत, खोड येत नाही. माणूस तेवढा ओळखू येतो. मला तेवढं पुरे आहे, म्हणून या टीव्हीवर यायला मी तयार झालो.

पहिल्या परिच्छेदाबद्दल पुढे कधीतरी. माया असू दे.

तुझा
बाबा

नायमेखन, १५ मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

टीव्ही चालला! अंबरीशने भोकं पाडली आणि अवनीने नकाशाच्या मागची कोरी बाजू काळी रंगवून वर चंदेरी तारे काढले. पालकांना सहसा बोलावत नाहीत, पण पंखा आणि वायरी सांभाळायला बाईंनी मला येऊ दिलं. पडदे ओढले, चित्र तिकिटाएवढं म्हणून मुलं चार-चारच्या गटाने पुढे आली. आधी नुसत्या नारिंगी रेघा सरकत होत्या. एका मुलाला काहीच दिसेना. अवनीने त्याला सांगितलं की थांब, ते हलले की दिसतील. मग तुम्ही मान हलवलीत आणि सगळ्यांना एकदम माणूस दिसला. नंतर तुम्ही हसलात.

बाबा, तेव्हाच मला कळलं. ओठांची एक बाजू वर गेली, दुसरी जागची हलली नाही. तुमचा उजवा गाल हसला नाही. सुरकुत्या येत नाहीत हे खरं, पण काय हललं आणि काय नाही हे तीस रेषांतही लपत नाही. घरी येऊन ती फाइल मी अकरा वेळा लावली. दर वेळी तेच.

रागही आला आणि रडूही आलं. पाच महिने तुम्ही हे एकट्याने सोसलंत, आणि मी मात्र कवळीवरून चिडवत बसले. आईला विचारलेलं नाही, तिची भांडी फुटतील. तुमच्याकडूनच ऐकायचंय. मेंदूचं काही आहे का? तिकीट काढू का?

अवनीने भाषण डचमध्ये केलं, पण येताना सायकलवर आपणहून मराठीत सांगितलं की आजोबा हसले. तिला तेवढंच दिसलं.

या वेळी लोभ नको, उत्तर हवं.

तुमची
ज्ञानदा

सातारा, ३ एप्रिल

चि. ज्ञानदास,
अनेक आशीर्वाद.

तुमची तबकडी उलटी बसली आहे. ताऱ्यांची बाजू दिव्याकडे हवी होती. अवनीने ती हौसेने स्वतःकडे ठेवली असणार, म्हणून चित्र आरशातल्यासारखं फिरलं. तू उजवा गाल लिहिलास. तो डावा आहे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तोंडावरून वारं गेलं. मेंदू ठीक आहे, चेहऱ्याची शीर सुजली होती. डॉक्टर म्हणतात, बरंच भरून येईल, थोडं राहीलही. तिकिटाची घाई करू नकोस, मेच्या सुट्टीत सगळी या. मी आजारपणाला घाबरलो नव्हतो गं. पंचवीस वर्षं मी साऱ्या तालुक्याचं चित्र सरळ ठेवलं, आणि माझंच वाकडं झालं. ते तुला दाखवायची लाज वाटली. अवनी घाबरेल असंही वाटलं. तिला हसू दिसलं हे वाचून मी चष्मा पुसायला उठलो, तर तुझ्या आईने पत्र हिसकावून घेतलं.

हे पत्र पोचलं की आईला कळव, त्यानंतरच्या रविवारी, तुमच्या सकाळी दहाला, मी व्हिडिओ कॉल करीन. सगळ्या रेषांसकट. खिडकीकडे तोंड करून बसू की पाठ, ते अवनीला विचारून ठेव. आणि तबकडी मुळीच सुलटी करू नका, तिचे तारे दिसू देत.

माया तशीच ठेव. बाकी समोर बसून.

तुझा
बाबा