पाच प्रसंग, एक भिवई

आदरणीय केशरअक्का,

करुणाचा सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? इकडे जवळा बाजार गावात आम्ही बरे आहोत, म्हणजे जेवढं बरं असावं लागतं तेवढे.

आपल्या विहाराच्या भिंतीवर भगवान बुद्धांच्या जीवनातले सहा प्रसंग काढायचं काम तुमच्या बंधूंना मिळालं, हे कळलंच असेल. आजवर दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या भिंती न् ट्रॉलीमागची कमळं काढलेला माणूस. मला वाटलं, पुण्याचं काम आहे, सुखानं होईल. पण कुणा ड्रॉईंगच्या मास्तरांनी यांच्या कानात भरवलं की चित्रकाराकडं विविधता पाहिजे. झालं! पहिला प्रसंग लेण्यातल्यासारखा, दुसरा कॅलेंडरासारखा, तिसरा नुसत्या रेघांचा (त्यात झाड कुठं संपतं न् माणूस कुठं सुरू होतो, हे मला अजून कळलं न्हाई). कमिटीचे हरिचंदकाका तिन्ही बघून म्हणाले, "रवींद्र, आमी तर एकाच पेंटरला सांगितलं व्हतं. हे बाकीचे दोघं कोण येऊन गेले?"

दोन दिवस हे नीट जेवले न्हाईत. मग ठरवलं की हात बदलता ठेवायचा, पण सगळ्यांतून एक धागा न्यायचा. तो धागा म्हणजे बाईचा चेहरा. जुनी तीन सुधारली, नवी दोन काढली. महामाया, गौतमी, सुजाता, सगळ्या एकसारख्या. कमिटी खूश. पौर्णिमेला वंदनेला बसले तर शेजारच्या साक्षीनं कोपर मारलं, "अवं, ही तर तुमची सासू!"

अक्का, खरंच आई! रंग बदलले, रेघा बदलल्या, पण उजवी भिवई पाचही ठिकाणी तशीच वर, भाजीत मीठ जास्त झाल्यावर जायची तशी. (गेलेल्या माणसाबद्दल मी वाईट बोलत न्हाई, पंचशील घेणारी बाई आहे.) पण सुजाता होऊन आई खिरीची वाटी पुढं करतात, तिथं माझा जीव जळतो. माझ्या बाळंतपणात मात्र आई म्हणायच्या, दूध महाग झालंय; तुम्हाला आठवत असेल. आता वंदनेला डोळे उघडले की ती भिवई विचारते, आज उशीर काहून?

यांना म्हटलं, दुसरी बाई दिसली न्हाई का जगात? तर ब्रश धुता धुता म्हणाले, "आईचा चेहरा हाताला पाठ हाय. तुझा काढायला बसलो होतो, आठवंनाच. तू सदा ओट्याकडं तोंड करून राहतीस." बावीस वर्षं झाली, अक्का.

असो. लेकरांना गोड पापा.

तुमची भावजय,
करुणा

ता. क. आई भिंतीवर फार छान दिसतात. एकदा येऊन बघून जा.

ता. क. दुसरा. सहावी जागा अजून कोरी आहे, यशोधरेची. (तिला झोपलेलीच दाखवतात म्हणे, पण तोंड तरी इकडं असतं.) माझ्या लग्नाचे फोटो उंदरांनी खाल्ले. तुमच्या कपाटात आपल्या दोघींचा एक आहे, त्यात मी सरळ समोर बघते आहे. तो तेवढा पाठवा, मी मागितला हे यांना सांगू नका. आणि पाठवताना तुमची बाजू मागं दुमडा. भिवई तुमचीही तशीच आहे.