कॅबिनेट मी उघडले, पुन्हाही उघडेन

चि. चंदन यास,
ताईचे आशीर्वाद.

‘ताईने संस्थेचा संगणक मारला, आता कोणी हात लावू नका, मी दिवाळीत येऊन बघतो,’ असे तू मंगळवारी घरच्या ग्रुपवर लिहिलेस आणि त्याखाली रडक्या तोंडांची रांग लावलीस, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. फोन करणार नाही. फोनवर तू ‘ऐक ना ताई’ म्हणतोस आणि स्वतःच बोलत राहतोस.

तुझे पित्त कसे आहे? रिताची कंबर? माझी तब्येत उत्तम आहे. ग्रुप वाचणाऱ्यांना उलट वाटत असेल तर सांग.

आता प्रकरण. रॅमची नवी पट्टी पाठवलीस तू, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणालास तू, आणि ती बसवली मी. शुक्रवारी चारच्या आत आपल्या मच्छीमार संस्थेच्या सभासदांची नवी यादी भंडाऱ्याच्या कार्यालयात द्यायची होती. यंदा प्रथमच तिच्यात अठरा बायका होत्या. फोटो, आधार क्रमांक, सगळे त्या संगणकात आणि हाताने लिहिलेली यादी साहेब घेत नाहीत (स्वतः विचारून आले). जुनी यादी तुला ठाऊक आहे. तिच्यात चार सभासद वारलेले आहेत, आणि सभेला त्यांची हजेरी आपल्या अध्यक्षांपेक्षा, म्हणजे बुधरामजींपेक्षा, नियमित लागते. तलावात जाळे ओढायला आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजारात बसायला बायका, आणि तलावाचा ठेका ठरतो तेव्हा हात वर करायला ज्यांनी दहा वर्षांत पाय ओला केला नाही ते.

सोमवारी सकाळी पट्टी बसवली. बसवण्याआधी शकुनवहिनीने हळदीकुंकवाचे ताट आणले. आपल्याकडे नवे जाळे असो की डोंगा, हळदीकुंकू लागल्याशिवाय पाण्यात जात नाही, हे तुला पुण्यात राहून आठवत नसले तरी तसे आहे. ते झाले, पट्टी बसली, बटण दाबले. पंखा फिरला, पडदा काळाच, आणि आतून तीनदा ‘टूं’. जुनी पट्टी परत लावली. पुन्हा तीन. तुला फोन केला तेव्हा तू हसलास.

बुधरामजी मात्र हसले नाहीत, ते खूश झाले. दारात उभे राहून म्हणाले, “मॅडम, कायले तकलीफ करून राहिल्या? मशीन बंद पडली त मागल्या सालचीच यादी देऊन टाका. बायांचं पुढच्या साली पाहू.” शकुनवहिनी ताट आवरत म्हणाली, “पुढच्या साली तुमी पाण्यात उतरा भाऊजी, आमी पाहू.” ते गेले, पण जुनी यादी सहीसाठी टेबलावर ठेवून गेले.

मंगळवारी संगणकाचे कॅबिनेट मांडीवर घेऊन शकुनवहिनीच्या मुलाच्या, कमलेशच्या मोटरसायकलवर वरठीला गेले (सुट्टीवर आला आहे, तुझ्याहून कामाचा आहे). दुकानदाराने डबा न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे जाहीर केले. न उघडता कसे कळले, असे विचारले तर म्हणाला, “अनुभव, काकू.” ठेवून जा, आठ दिवस लागतील. मी म्हटले, आमच्याकडे तीन आहेत, आणि डबा परत मांडीवर घेतला. येताना वाटेत तुझा ग्रुपवरचा मजकूर वाचला. त्या रागावरच पुढचे काम झाले, एवढे श्रेय तुला देते.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे, हे या घराला सत्याऐंशी सालापासून सोयीने विसरता येते. प्रयोग फसला की सगळे एकदम बदलायचे नसते, एकेक गोष्ट तपासायची असते. बुधवारी प्लग काढला, तारा काढल्या, पट्टी उजेडात धरली. तिच्या सोनेरी दातांवर लाल-पिवळा थर होता. कुंकू ओल्या हळदीसकट दातांवर, दातांवरून खाचेत, खाचेतून जुन्या पट्टीवर. दोन्ही पट्ट्यांचे दात खोडरबराने घासले, खाच कोरड्या रंगाच्या ब्रशने साफ केली (शेजारच्या तुळसाच्या नातीचा ब्रश, परत केला). पट्टी दोन्ही बाजूंनी ‘कट्’ होईपर्यंत दाबली. बटण. एकच ‘टूं’, आणि पडद्यावर उजेड. शकुनवहिनी हात जोडायला निघाली होती. मी तिला प्रिंटरमध्ये कागद भरायला लावले.

शुक्रवारी दोन वाजून दहा मिनिटांनी यादी दिली आणि पोच घेतली. बुधरामजींची यादी टेबलावर आहे. तिची मागची बाजू कोरी असल्याने हे पत्र तिच्यावर लिहिले आहे.

तुझी,
रत्नाताई

ता. क. — ग्रुपवर दुरुस्ती टाक. रडकी तोंडे नकोत, सरळ वाक्य लिही.

ता. क. २ — ताट शकुनवहिनीचे होते. बोट माझे. हे ग्रुपवर टाकायची गरज नाही.

ता. क. ३ — मुख्य गोष्ट राहिली. आपल्या संस्थेचा नियम एका घराला एकच सभासद. बाबांच्या जागी आपल्या घरातून अजून तूच आहेस. तू तलाव शेवटचा कधी पाहिलास ते तुलाच ठाऊक. मी पंधरा वर्षे सचिव आहे, सगळ्यांची मते मोजते, मला मत नाही. यादीत अठरा बायकांखालची एकोणिसावी ओळ मी नावाशिवाय ठेवली आहे. पंधरा दिवसांत नाव भरता येते, असे साहेबांनी पोचेवर लिहून दिले आहे. तुला मी सायकल शिकवली, पोहायला शिकवले, तुझी दहावीची गणिते सोडवली. आजवर काही मागितले नाही. आताही मागत नाही, सही करायला सांगते आहे.

कमलेश उद्या पुण्याच्या गाडीत बसतो आहे. त्याच्या हाती दिले ते असे: रितासाठी सुकवलेले झिंगे, डबा एक. तुझ्या राजीनाम्याच्या प्रती दोन, सहीच्या जागी पेन्सिलने फुली केलेली. पेन एक, कारण तुझ्याकडे नसते. सही होईपर्यंत कमलेश तुझ्याकडेच जेवेल, असे त्याला सांगितले आहे.