सुट्टीच्या दिवसाची गोळी

प्रिय नीलेश,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर मी अर्धं बोलते आणि अर्धं गिळते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. कागदावर निदान खोडता तरी येतं. तुझं लग्न ठरल्याचं कळलं. खूप आनंद झाला असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. आनंद होईल, मला थोडा वेळ दे.

मी अजून डोकमर्डीच्या त्याच मेडिकलमध्ये आहे. राखोलीची आपली चाळही तशीच, फक्त तुमच्या खोलीत आता ओडिशाचं एक कुटुंब राहतं. संध्याकाळी बायका औषधांची पाकिटं घेऊन माझ्याकडे येतात. घरात शाळा शिकलेली मी पहिली, त्यामुळे मी वाचलं की ते खरंच असणार, असं त्यांना वाटतं. त्याची मला आता भीती वाटते. एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगत बसते आणि त्या हसतात. ममता म्हणजे बिघडलेली टेप, असं म्हणतात.

लग्नाला नाही म्हणताना मी तुला नोकरीचं कारण दिलं होतं. ते खरं नव्हतं. तू नाशिकला गेलास त्या पावसाळ्यात आईची कंबर फार दुखायला लागली. तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झाली आहेत, आणि इतक्या वर्षांच्या साखरेच्या आजारानेही ती आतून कच्ची केली असणार. आधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व बघितलं, मग आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली. सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, मोठा पेलाभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला भाजते. साखरेची गोळी मात्र नंतर, जेवणाबरोबर. कुठला वार लक्षात राहील, असं डॉक्टरांनी विचारलं, तर आई म्हणाली, सुट्टीचा. तेवढ्याच दिवशी तिला सकाळी अर्धा तास बसायला मिळायचं. डॉक्टरांना पटलं, मलाही पटलं.

पुढे मसाटच्या तिच्या कंपनीत दिवाळीच्या ऑर्डरी आल्या आणि आठवड्याच्या सुट्ट्या बंद झाल्या. आईने ओव्हरटाइम हौसेने घेतला. आपल्या लग्नात कुणापुढे हात पसरायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. मी रोज विचारायचे, औषधं घेतलीस का. ती हो म्हणायची, आणि साखरेची खरंच घ्यायची. मग एका सकाळी ती मोरीच्या उंबऱ्याशी नुसती घसरली. लहान मूल पडून उठेल, इतकंच. पण मांडीचं हाड खुब्याशी मोडलं. दवाखान्यात न्यायला पेटीतून तिचे कपडे काढताना तळाशी गोळ्यांची पाकिटं सापडली, जवळजवळ भरलेली. मी विचारलं तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सुट्टीच नव्हती ना वं माय, मग गोई कव्हय खाऊ?"

मला रागावताही आलं नाही. बाई दिल्या शब्दाला इमानाने जागली होती.

आता तिला सहा महिन्यांनी एक इंजेक्शन असतं. वर्षातून एकदाची सलाईनही असते, पण साखरेने तिचं मूत्रपिंड थकवलंय, म्हणून डॉक्टर तिला नको म्हणाले. हे इंजेक्शन एकदा सुरू केलं की मनाने सोडायचं नाही, लांबवायचंही नाही. मध्येच थांबलं तर झीज उलट जास्तच वेगाने होते, मणके मोडतात. ती वॉकर धरून दारापर्यंत येते. तुला हे तेव्हाच सांगितलं असतं तर तू थांबला असतास, तुझ्या घरच्यांनाही थांबवलं असतंस, आणि आईने जन्मभर स्वतःला दोष दिला असता. म्हणून मी नोकरी पुढे केली. तिला वाटतं नकार तू दिलास. मी ते खोडून काढलेलं नाही. तुझ्या वाट्याला तिच्या दोन शिव्या फुकट आल्या, त्याबद्दल माफ कर. कधी कधी वाटतं, मी कुणालाच वाचवलं नाही, फक्त तुला विचारायचं टाळलं.

आणि हे सगळं उगाळायला मी पत्र लिहिलेलं नाही. परवा चाळीतल्या ललितच्या हळदीला मावशी, म्हणजे तुझी आई, भेटली. तिनेच तुझं ठरल्याचं सांगितलं आणि मला जवळ घेतलं, तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्याशी आलं. पूर्वी आम्ही डोळ्याला डोळा भिडवून भांडायचो. सून शोधून शोधून वाकले, असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. उंची अशी घटते तेव्हा कधी कधी पाठीचा मणका न कळत दबलेला असतो. गुरुवारी उपास करते, साखरेची गोळी मात्र घेते आणि मग चक्कर येते, हेही तिनेच गमतीने सांगितलं. नीलेश, लग्नाच्या धावपळीआधी तिच्या पाठीचा एक्सरे आणि हाडांची तपासणी करून घे, आणि उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचार. माझं नाव घेऊ नकोस, मेडिकलवाल्याने सांगितलं म्हण. लग्नानंतर तिच्या औषधांकडे मी बघायचं असं आमचं दोघींचं ठरलं होतं. येणाऱ्या मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते मी सांगणं बरं दिसणार नाही. तू सांग.

तुझ्या आईचीच,
ममता